अंगावरच्या कपड्यांनिशी

डेल्फ्टच्या त्या तरणतलावातलं पाणी निळंशार होतं. तळाच्या फरशीवरच्या रेघा वरून मोजता येत होत्या. काचेच्या अलीकडे आम्ही आईबाप, आजीआजोबा ओळीनं बसलो होतो. पलीकडे माझी सहा वर्षांची नात दहाबारा मुलांच्या रांगेत उभी होती. अंगात टी-शर्ट, खाली अर्धी चड्डी, पायात बूट. मला वाटलं, घाईत कपडे बदलायचे राहिले. लेकीच्या दंडाला हात लावून म्हटलं, "अगं, ती तशीच उभी आहे." लेक म्हणाली, "आई, परीक्षाच तशी असते."

शिट्टी झाली. एकेक मूल कपड्यांनिशी, बुटांनिशी पाण्यात पडलं, बुडालं, वर आलं, डोळ्यांवरचं पाणी निपटून हातपाय मारत निघालं. कपडे उतरवून मग दुसरा भाग. पाण्यात एक ताडपत्री उभी सोडलेली, तिला एक भोक. श्वास कोंडून, पाण्याखालून, त्या भोकातून पलीकडे जायचं. नात पाण्याखाली गेली आणि दिसेनाशी झाली. तेवढा वेळ मी बाकाची कड धरून बसले होते. ती पलीकडे वर आली तेव्हा शेजारी बसलेल्या अनोळखी डच आजोबांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. त्यांनीही श्वास कोंडलाच होता.

नेदरलँड्समध्ये कालवे आपल्या गल्लीबोळांसारखे घरांना लागून वाहतात. मूल पाण्यात पडेल ते शाळेतून येताना, चेंडूमागे धावताना. म्हणजे अंगावर असतील त्या कपड्यांनिशी पडेल. मग त्याला तसंच पोहता आलं पाहिजे. म्हणून पहिला डिप्लोमा 'ए', पुढे 'बी', मग 'सी', आणि दर पायरीला अंगावरचे कपडे वाढत जातात. कुठल्यातरी मोठ्या माणसांनी एकत्र बसून, पाण्यात पडणाऱ्या लेकराचा इतका बारीक विचार केला होता.

नात ओल्या केसांनी धावत आली. हातात कागद. "आजी, तुझा डिप्लोमा कुठे आहे?"

मला पोहता येतं हे तिला ठाऊक होतं. मी म्हटलं, "मला कोणी दिलाच नाही."

"मग तुला शिकवलं कोणी?"

त्या प्रश्नासरशी क्लोरीनचा वास विरला आणि नाकात शेवाळाचा, कमळाच्या कुजक्या देठांचा, भिजल्या मातीचा वास भरून आला.

*

आमच्या साकोली तालुक्यात गाव सांगताना आधी तलाव सांगतात. अख्खा भंडारा जिल्हाच तलावांचा. गोंड राजांच्या काळात, जो तलाव बांधेल त्याला जमीन मिळे, आणि कोहळी समाजातल्या जाणत्यांनी उताराची जमीन नुसत्या नजरेनं मोजून, मातीच्या पाळी घालून हे तलाव उभे केले. पुढे मालगुजार, म्हणजे गावचे जमीनदार, आले. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि कागदोपत्री 'माजी मालगुजारी' म्हणून लागले. त्याचं आखूड रूप झालं 'मामा तलाव'. लहानपणी ते ऐकलं तेव्हा मला खरंच वाटलं होतं, की हा तलाव आपल्या आईचा भाऊ आहे. धान पिकवतो, मासे देतो, उन्हाळ्यात कुशीत घेतो, मामाच तो.

पाळीला आमच्याकडे पार म्हणतात. पारीवर मोहाची आणि आंब्याची झाडं. खाली एका अंगाला धानाच्या बांध्या, दुसऱ्या अंगाला पाणी. त्या पाण्यात मासे धरणाऱ्या ढिवरांचे डोंगे, शिंगाड्याचे वेल, हिवाळ्यात अडई बदकांचे थवे. आणि पारीच्या टोकाशी ढिवरटोली. माझी मैत्रीण तिथली. तिचं नाव इथे लिहीत नाही, पण ते एका नदीचं नाव आहे.

तिनं मला पोहायला शिकवलं. आधी पाठीला वाळका तुंबा बांधून. मग एक दिवस तुंबा सोडला आणि म्हणाली, आता परकराचा फुगा कर. आम्हा मुलींना कपडे उतरवून पाण्यात जायची सोय नव्हती, परकर-पोलक्यातच उतरायचं. तिनं त्यातूनच वाट काढली होती. उभ्यानं उडी मारायची, परकरात हवा भरली की काठ मुठीत धरून पोटाशी आवळायचा. मग पाण्यावर एक छिटाचा फुगा तरंगतो आणि त्याच्या जोरावर दोन श्वास जास्त मिळतात. तेवढ्यात हातपाय सावरायचे. पायात वेल अडकला तर ओढायचं नाही, पाय सैल सोडायचा, वेल आपोआप सुटतो. हेही तिनंच सांगितलं. ती तेव्हा नऊ वर्षांची होती.

हे सगळं मी नातीला सांगितलं. ती डोळे विस्फारून ऐकत राहिली. आम्ही मुली सगळ्या कपड्यांनिशीच पोहायचो, आणि आमच्या शिक्षिकेला दुसरीतली पाठ्यपुस्तकंसुद्धा नीट मिळाली नव्हती, हे तिला एखाद्या परीकथेसारखं वाटलं.

परीकथा मला तिथेच थांबवता आली असती. गेल्या कित्येक वर्षांत मी ती तशीच थांबवत आले आहे. गावाकडचं बालपण म्हटलं की आपण डाबडुबली सांगतो, गिल्लीदांडू सांगतो, शेजारच्या घरी जेवून झोपी जाणं सांगतो. अनवाणी पाय, चिंचा, बोरं, तलाव. सगळं खरं आहे. पण हे सांगतात ती मोठी झालेली मुलं. जी मोठी झाली नाहीत त्यांच्या आठवणी कोणाकडेच नाहीत.

*

गरीब देश आणि श्रीमंत देश हे शब्द मी भूगोलात खूप पुढे वाचले. देश मात्र मी त्याआधीच पाहिले होते, आणि तेही एकाच गावात, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी.

मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या विदर्भात मुलांचा पोळा भरतो. मुलं लाकडी बैल ओढत नेतात, घरोघर बैल दाखवतात आणि बोजारा म्हणून हातावर पैसे मिळतात. जुन्या मालगुजाराच्या वाड्यातला बैल माझ्या छातीइतका उंच होता. सागवानी, चाकांवरचा, गळ्यात पितळी घागरमाळ. आमच्या घरचा वीतभर, सुताराकडून धानाच्या बदल्यात केलेला. आणि माझ्या मैत्रिणीच्या धाकट्या भावाचा बैल मातीचा. तिनं स्वतः तलावातल्या गाळाचा केला होता, शिंगांना बोरीचे काटे टोचले होते. तो ओढता येत नव्हता म्हणून ती भावाला कडेवर आणि बैलाला तळहातावर घेऊन फिरत होती. वाड्यासमोर आली तेव्हा पाऊस सुरू झाला. बैल तिच्या हातात विरघळू लागला. तिनं झटकन पदर... नाही, पदर कुठला, परकराचा घोळ उचलून त्याच्यावर धरला.

तिच्या कडेवर सदोदित कोणीतरी असे. शाळेतही ती भावाला घेऊनच यायची. तो रडला की बाहेर जायची, निजला की आत यायची. फळ्यावरची गणितं तिला अर्धी-अर्धी येत.

पुढच्या रोवणीचे दिवस होते, श्रावण. गावातली सगळी माणसं बांध्यांत वाकलेली. पऱ्ह्यांच्या जुड्या पाण्यात पडल्याचा आवाज, बायांची गाणी, चिखल. रोवणीच्या दिवसांत कोणी कोणासाठी थांबत नाही. पाणी सरलं की हंगाम सरला. त्या आठवड्यात तिच्या भावाला हगवण लागली. पहिल्या दिवशी कोणी मनावर घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याचे डोळे खोल गेले. तिसऱ्या दिवशी बैलगाडी जुंपली, पण चुलबंद नदी दुथडी भरून वाहत होती आणि साकोली पलीकडे होती. गाडी काठावर संध्याकाळपर्यंत उभी राहिली. मग परत आली.

गावानं म्हटलं, देवाघरी गेला.

ते साल १९६७. चारच वर्षांनी, १९७१ मध्ये, बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनाबिस यांनी पटकीनं आणि हगवणीनं सुकत चाललेल्या माणसांना मीठ आणि ग्लुकोज घातलेलं पाणी पाजलं आणि मृत्यूंचं प्रमाण झपाट्यानं खाली आणलं. घरच्या घरी करायचं तर उकळून गार केलेलं पाणी, साखर, चिमूटभर मीठ. मी शिक्षिका झाले तेव्हा आरोग्य खात्याची भित्तिपत्रकं शाळेत आली आणि मी मुलांना ते पाणी करायला शिकवू लागले. पहिल्यांदा फळ्यावर 'एक लिटर पाणी' लिहिताना हात थांबला होता. मीठ तर तिच्या घरी होतं. साखर नव्हती, पण ती आमच्या घरी होती. चुलीपासून चुलीपर्यंत शंभर पावलं. नदीचा पूर आम्ही पाहत बसलो आणि औषध आमच्या डब्यात पडून होतं. माहीत कोणालाच नव्हतं.

ते मूल कशानं गेलं? गरिबीनं, असं एका शब्दात म्हणता येतं. पण त्या शब्दाच्या आत खूप काही दडून राहतं. पूल नव्हता, डॉक्टर नव्हता, माहिती नव्हती. आणि 'देवाघरी गेला' म्हटल्यावर पुढचा प्रश्न विचारायची रीत नव्हती.

*

चौथीनंतर मैत्रीण शाळेत आली नाही. कडेवर भाऊ नव्हता, पण घरात बिडी आली होती.

आमच्या भागात घरोघर बिड्या वळत. वैशाखात पहाटे जंगलात जाऊन तेंदूपत्ता तोडायचा, सत्तर पानांचा पुडा बांधून फडावर द्यायचा. ते काम पंधरा-वीस दिवसांचं. बिडीचं काम मात्र बारमाही. कारखानदाराचा माणूस पानं आणि तंबाखू मोजून देई, हजाराच्या हिशेबानं मजुरी. माझी आईही वळायची. पान भिजवायचं, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा. आणि शेवटी बिडीचं तोंड आत दुमडून बंद करायचं. ते काम बारीक बोटांचं. म्हणून ते मुलांकडे. वाकडी झालेली बिडी छाट म्हणून बाजूला टाकत आणि तिचे पैसे मिळत नसत. माझी बोटं सुट्टीपुरती त्या कामात होती. तिची कायमची गेली. १९८६ मध्ये बालमजुरीचा कायदा झाला, बिडीचं काम त्यानं मुलांना मना केलं. पण घरच्या घरी, कुटुंबासोबत केलेल्या कामाला त्यातून सूट होती. आमच्याकडे बिडी घरातच वळली जात होती.

मी शिकले, कारण माझ्या वडिलांची पाच एकर धानाची शेती होती आणि मला पाठचं भावंड नव्हतं. हुशारी तिची जास्त होती. तलावात दोघी एकदम उतरलो, एक काठाला लागली.

पुढे जिल्हा परिषदेच्या शाळांत मी छत्तीस वर्षं शिकवलं. हजेरीपट लिहिला. रोवणी आली की निम्मा वर्ग रिकामा, तेंदू आला की मोठी मुलं नाहीत, कोणाचे आईबाप नागपूरला बांधकामावर गेले की ते मूल सहा महिने नाही. मी नावासमोर फुली मारायची आणि पुढचं नाव घ्यायची. पंधरा ऑगस्ट १९९५ ला शालेय पोषण आहार सुरू झाला. आधी महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचा. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शाळेत शिजवलेली खिचडी आली. त्या पहिल्या आठवड्यात खिचडीचा वास वर्गात आला आणि पहिलीतली एक मुलगी उठून माझ्याजवळ आली, हळूच म्हणाली, "बाई, उद्या पन हाय का?" उद्याही आहे हे तिला रोज सांगावं लागत होतं. उद्याचा भरवसा नसणं हे मी त्या एका वाक्यात पाहिलं. लहानपणी पोटाला भूक लागते ती आजची असते, हे मला माहीत होतं. उद्याची भूक आजच लागते, हे त्या दिवशी कळलं.

*

माझा नातू डेल्फ्टमध्ये जन्मला तो जानेवारी २०२१ च्या पहिल्या आठवड्यात. करोनाचे दिवस, नेहमीची विमानं बंद. मी साकोलीत, लेक तिकडे. बाळंतपणाला आई नाही म्हणून माझा जीव वरखाली. लेक म्हणाली, "आई, घाबरू नको. इथे बाई येते." डॉक्टर नव्हे, पण शिकलेली, विम्याच्या पैशांतून मिळणारी बाळंतिणीची सोबतीण. जन्मानंतरचे सातआठ दिवस रोज काही तास घरी येते. बाळाचा ताप मोजते, वजन करते, वहीत लिहिते, आईला जेवू घालते, थोरल्या भावंडाला फिरवून आणते. आमच्याकडे सुईण आणि मालीशवाली करते तेच. फक्त तिथे ती प्रत्येक बाळंतिणीकडे जाते, मग ती प्राध्यापक असो की निर्वासित.

नऊ जानेवारीच्या मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली. सतरा बाळं होती. सात वाचवता आली. दहा गेली. सकाळी टीव्हीवर ते कळलं तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी होते. त्या मातांपैकी पुष्कळजणी माझ्या शाळांसारख्याच शाळांत शिकलेल्या, माझ्या गावासारख्याच गावांतल्या. कोणाच्या बाळाचं तर अजून बारसंही झालं नव्हतं. दुपारी लेकीचा फोन आला. तिनंही बातमी पाहिली होती. ती काही बोलली नाही. पलीकडे नातवाच्या चोखण्याचा आवाज येत होता आणि कोणी बाई डच भाषेत आकडे उच्चारत होती. ताप लिहीत असावी. मी तो आवाज ऐकत राहिले. थोड्याफार अंतरानं जन्मलेली ही सगळी लेकरं. एकाच्या वहीत रोजचा ताप, काहींच्या नावांची पाटीच कोरी.

त्यानंतर दोन देशांच्या बालपणाची तुलना मला सोपी राहिली नाही. तिकडे घर मोठं, इकडे मन मोठं, असं म्हणून मोकळं होता येईना.

*

गेल्या वर्षी तीन महिने डेल्फ्टला राहिले तेव्हा लेकीनं मला तिथला इतिहास थोडाथोडा सांगितला. ती पाण्याची अभियंता. पण आई झाल्यावर तिनं हेही वाचलं होतं.

१९०० च्या सुमारास त्या देशात जन्मलेल्या सातेक बाळांमागे एक बाळ वर्षाच्या आत जात असे. म्हणजे माझ्या आईच्या पिढीतलं आमचं गाव आणि त्यांच्या आजीच्या पिढीतलं त्यांचं गाव, दोन्हीकडे पाळणे सारखेच रिकामे होत होते. डेल्फ्टपासून जवळच लायडन. तिथल्या कापडगिरण्यांत लहान मुलं काम करायची. क्रेमर नावाच्या लेखकानं ती पाहिली आणि १८६३ मध्ये कारखान्यातल्या मुलांवर एक भाषण लिहून लोकांना वाचून दाखवलं. त्याच्या शीर्षकात त्यानं म्हटलं होतं, की ही विनवणी आहे, पण पैशांसाठी नाही. मी लेकीला ते पुन्हा सांगायला लावलं. पैशांसाठी नाही. १८७४ मध्ये खासदार फान हाउटेन यांनी बारा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात ठेवण्यावर बंदीचा कायदा आणला. त्या कायद्यालाही शेत आणि घरकाम दिसलं नव्हतं. आपल्या १९८६ च्या कायद्याला घरातली बिडी दिसली नाही, तसंच. मग १९०० मध्ये सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला.

आणि सायकली. आज तिथली पुष्कळ पोरं सायकलवर शाळेत जातात, तांबड्या रंगाच्या वेगळ्या वाटांवरून. मला वाटायचं, श्रीमंत देश, त्यांना काय अवघड. तर १९७१ या एका वर्षात त्या एवढ्याशा देशात चारशेहून अधिक मुलं रस्त्यावर वाहनांखाली गेली होती. देश तेव्हाही श्रीमंत होता. गाड्या होत्या म्हणूनच तर मुलं मरत होती. फिक लांगेनहॉफ या पत्रकाराची सहा वर्षांची मुलगी त्यांत होती. त्यानं पुढच्या वर्षी वर्तमानपत्रात लिहिलं आणि त्या लेखाला नाव दिलं, 'बालहत्या थांबवा'. आईबाप मुलांना घेऊन रस्त्यांवर बसले, चौक अडवले. तांबड्या वाटा त्यानंतर वाढत गेल्या. 

म्हणजे ते बालपण त्यांना कोणी दिलं नव्हतं. कोणा बापानं 'देवाघरी गेली' असं म्हणायचं नाकारलं, तिथून ते सुरू झालं. लेकरू गेलं की आमच्याकडे आईच्या पाठीवरून हात फिरवायला सगळं गाव येतं. त्या हातांची ऊब मी पाहिली आहे, तिच्यावाचून त्या बाया जगल्या नसत्या. पण ती ऊब देऊन झाल्यावर आम्ही घरी जातो. का गेलं, पुढचं जाऊ नये म्हणून काय करायचं, हे विचारायला तेच गाव दुसऱ्या दिवशी एकत्र येत नाही. मी पैशांच्या मोजमापात शिरत नाही. पैसा लागतो, पुलाला लागतो, दवाखान्याला लागतो. पण त्या आधी लागतो तो हा प्रश्न. जिथे एका मुलाचं जाणं सगळ्यांना आपली चूक वाटतं, तो देश श्रीमंत होत जातो. जिथे ते त्या आईचं नशीब ठरतं, तिथे तांदळाची कोठारं भरलेली असली तरी मूल गरीबच राहतं. आमचा जिल्हा तर धानाचं कोठार आहे.

युनिसेफनं श्रीमंत देशांतल्या मुलांच्या सुखाची तुलना करणारे अहवाल काढले, त्यांत २०१३ साली आणि पुन्हा २०२० साली नेदरलँड्स पहिलं आलं. तिथे राहून मला त्यात आश्चर्य वाटलं नाही. नातीला घरचा अभ्यास नसल्यासारखाच. बुधवारी शाळा दुपारीच सुटते. तिला कोणी कोणाशी ताडून पाहत नाही. पण एक गोष्ट मला डाचली, ती सांगते. तिला मैत्रिणीकडे खेळायला जायचं तर आधी दोन्ही आयांनी वार आणि वेळ ठरवायची. एका संध्याकाळी ती अंगणात एकटीच दोरीवरच्या उड्या मारत होती. शेजारच्या घरात तिच्याच वयाची मुलगी खिडकीत दिसत होती. मी म्हटलं, "हाक मार की तिला." ती म्हणाली, "आजी, आमचं शुक्रवारी ठरलंय." तो मंगळवार होता.

आमच्या पारीवर शुक्रवार कधीच नव्हता. हाक मारली की सगळे. आणि प्रत्येक लेकरावर दहा घरांच्या नजरा. वाईट एवढंच, की त्या नजरांना पाण्याखालचं दिसत नव्हतं. तिकडे पाण्याखालचं पाहायची व्यवस्था आहे आणि हाकेची चणचण. मला दोन्ही हवंय. माझ्या नातीला हाक हवी, आणि ढिवरटोलीतल्या पोरीला ताडपत्रीतून पलीकडे निघायची खात्री हवी. हे मागणं फार मोठं आहे असं मला वाटत नाही.

*

निघायच्या आदल्या दिवशी नातीनं मला एक कागद दिला. तिच्या डिप्लोमासारखाच तिनं रंगवलेला. निळं पाणी, त्यात एक फुगलेला लाल परकर, वरती एक डोकं. खाली डच अक्षरांत माझ्या मैत्रिणीचं नाव. "हा तुझ्या टीचरला दे."

मैत्रीण आता सदुसष्ट वर्षांची आहे. पाठीला बाक आलाय, पण तलावात अजून उतरते. कार्तिकात मी पारीवर गेले तेव्हा ती शिंगाडे उकडत बसली होती. कागद हातात दिला. तिनं तो उलटा धरला, मी सुलटा केला.

"काय लिवलं हाय वो?"

"तुझं नाव. तुला पोहता येतं, आणि तू दुसऱ्यांना शिकवतेस, असं लिहिलंय."

तिनं बराच वेळ बोट त्या लाल परकरावरून फिरवलं. मग मी तिला परीक्षेचं सांगितलं. बूट घालून, कपडे घालून पोरं पाण्यात टाकतात हे ऐकून तिला नवल वाटलं नाही. म्हणाली, "बराबर हाय. बुडनारं पोट्टं का कपडे काडून बुडते?"

शिंगाड्यांचं पाणी उकळत राहिलं. थोड्या वेळानं ती म्हणाली, "मास्तरीनबाई, मंग आपल्या पोट्ट्याइले हा कागद कोन देईन?"

छत्तीस वर्षं मी मुलांना प्रश्न विचारले. हा प्रश्न मला पहिल्यांदाच कोणी विचारत होतं, आणि विचारणारी चौथीत शाळा सुटलेली होती.

या वैशाखात तलावाचं पाणी कमरेइतकं उतरलं तेव्हा आम्ही सुरुवात केली. सात मुलं, त्यांत पाच मुली. तुंब्याच्या जागी खाद्यतेलाचे रिकामे पाच लिटरचे कॅन. एक लांब दोर, तो पारीवरच्या मोहाला बांधलेला. मैत्रीण पाण्यात, मी काठावर वही घेऊन. फ्रॉक घालून आलीस तर फ्रॉकमध्येच उतर, असा तिचा दंडक. वेलात पाय अडकला तर ओढू नको, सैल सोड; तेच शब्द, तोच आवाज, मध्ये अठ्ठावन्न वर्षं. वहीत मी तारीख आणि नाव लिहिते. एखादं मूल आलं नाही तर फुली मारत नाही. संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन येते. सात मुलं म्हणजे जिल्ह्याच्या हिशेबात काहीच नाही, मला ठाऊक आहे. पूल, दवाखाना, शाळा यांची जागा दोन म्हाताऱ्या घेऊ शकत नाहीत. त्यासाठी मागावं लागेल, आणि मी ग्रामसभेत उठून मागायला लागले आहे.

पावसाच्या आधी परीक्षा घेतली. मैत्रिणीनं धान झाकायची फाटकी ताडपत्री आणली. भोक तिला आधीच होतं. दोन बांबूंना बांधून ती पाण्यात उभी केली. बघता बघता पारीवर माणसं जमली. आया आल्या, बकऱ्या चारणारी पोरं आली, डोंगा घेऊन निघालेले दोघे ढिवर थांबले. सगळ्यात लहान मुलगी शेवटी होती, सात वर्षांची, अंगात शाळेचा निळा गणवेश. तिनं एकदा मागे वळून पाहिलं, नाक धरलं आणि खाली गेली.

ती पलीकडे वर येईस्तोवर पारीवर कोणी बोललं नाही.